रस्त्यांसाठी कर्जरोखे आणि विधिमंडळातला वाद : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अधिवेशन सुरू झाले की रस्त्यांचे हजारो कोटींचे आकडे पेपरात येतात. पाठोपाठ रोखे, शासनहमी, पुरवणी मागण्या हे शब्द येतात आणि सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत दोन तट पडतात. एक म्हणतो, कर्ज काढल्याशिवाय रस्ते होत नाहीत. दुसरा म्हणतो, आधीच डोंगराएवढे कर्ज आहे, आणखी कशाला? दोघांचेही अर्धे खरे आहे. खालचे प्रश्न इथे नेहमी ऐकू येणारे आहेत. उत्तरांत जिथे माझे मत आहे तिथे तसे सांगितले आहे.

रस्त्यासाठी कर्जरोखे काढणे म्हणजे नेमके काय करतात?

सरकार, महामंडळ किंवा महापालिका बाजारातून ठरावीक मुदतीसाठी पैसे उचलते. त्या बदल्यात रोखा देते आणि दरवर्षी किंवा सहा महिन्यांनी व्याज भरते. मुदत संपली की मुद्दल परत करते. पैसे देणाऱ्यांत विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी, बँका आणि म्युच्युअल फंड असतात, क्वचित तुमच्या-आमच्यासारखे लोकही असतात.

बँकेच्या कर्जात सावकार एकच असतो आणि हप्ता पहिल्या वर्षापासून मुद्दलासह चालू होतो. रोख्यात बहुधा मुद्दल शेवटी एकरकमी द्यायचे असते. अधली वर्षे त्यामुळे हलकी वाटतात. ज्या पदाधिकाऱ्यांची मुदत पाच वर्षांची आणि रोख्याची दहा, त्यांना तर ती फारच हलकी वाटतात.

यात विधिमंडळाचा संबंध कुठे येतो?

राज्याला कर्ज काढण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम २९३ मधून मिळतो. राज्याच्या एकत्रित निधीच्या (म्हणजे मुख्य तिजोरीच्या) तारणावर, आणि विधिमंडळाने कायद्याने मर्यादा घातली असेल तर तिच्या आत, राज्य सरकार कर्ज काढू शकते. केंद्राचे जुने कर्ज बाकी असेल तर केंद्राची संमतीही लागते. त्याशिवाय महाराष्ट्राने २००५ साली वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा करून स्वतःला शिस्त लावून घेतली. राज्याच्या निव्वळ कर्जउभारणीचा सर्वसाधारण दंडक सकल राज्य उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आसपासचा आहे.

राज्य सरकार रिझर्व्ह बँकेमार्फत जे रोखे विकते त्यांवर "हा अमुक रस्त्यासाठी" असे लिहिलेले नसते. सगळा पैसा एकत्रित निधीत पडतो. तिथून तो रस्त्यावर खर्च करायचा तर विधानसभेने बांधकाम खात्याची मागणी मंजूर करावी लागते आणि विनियोजन विधेयक, म्हणजे निधीतून पैसा काढायला परवानगी देणारे विधेयक, संमत व्हावे लागते. आमदार मत देतात ते या खर्चावर. कोणत्या महिन्यात किती रोखे विकायचे हे वित्त विभाग आणि रिझर्व्ह बँक ठरवतात, आणि व्याज किती द्यायचे हे लिलावात ठरते.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत दोन रकाने दिसतील, "दत्तमत" आणि "भारित". दत्तमत खर्चावर विधानसभा मतदान करते. भारित खर्चावर चर्चा करता येते, मतदान करता येत नाही. कर्जावरचे व्याज आणि मुद्दलाची परतफेड हे दोन्ही घटनेनेच भारित ठरवले आहेत. म्हणजे रस्त्याच्या खर्चाला आमदार एकदा हो म्हणू शकतात, पण त्या रस्त्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजाला पुढची दहा-पंधरा वर्षे नाही म्हणू शकत नाहीत. सावकाराचा भरवसा टिकावा म्हणून ही व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. मात्र त्यामुळे भांडायचे असेल तर रोखा विकण्याआधीच भांडावे लागते. आपल्याकडे भांडण बहुतेकदा नंतर होते.

मग सभागृहात वाद होतो तो कशावर?

कर्ज काढावे की नाही, यावर फार थोडा. सत्तेत असलेला पक्ष कर्ज काढतो, विरोधात गेला की कर्जाचा डोंगर मोजतो, हे सगळ्यांनी पाहिले आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचे आकारमान ७ लाख २० कोटी रुपयांचे होते, महसुली तूट ४५,८९१ कोटींची आणि राज्यावरचे अंदाजित कर्ज ९.३२ लाख कोटींचे. हा शेवटचा आकडा सभागृहात सतत ऐकू येत होता. राज्याच्या उत्पन्नाशी ताडून पाहिले तर तो एकोणीस टक्क्यांच्या आतबाहेर होता, आणि बऱ्याच राज्यांपेक्षा ते प्रमाण बरे होते. तेव्हा नुसता आकडा फेकून वाद संपत नाही.

खरी गुंतागुंत अर्थसंकल्पाबाहेरच्या कर्जात आहे. सरकार स्वतः कर्ज काढत नाही, महामंडळाला काढायला लावते आणि हमी देते. घरातल्या कर्त्याने कर्ज मुलाच्या नावावर काढून जामीन स्वतः राहावे, तसे. कर्त्याच्या वहीत ते कर्ज दिसत नाही, पण हप्ता थकला की वसुलीवाला येतो कर्त्याच्याच दारात.

महाराष्ट्राला हा मार्ग १९९६ पासून चांगला परिचयाचा आहे. त्या वर्षी दोन महामंडळे आली. एक महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, म्हणजे एमएसआरडीसी. दुसरे महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ. दोघांनीही शासनहमीवर बाजारातून पैसा उभा केला. "कृष्णा खोरे रोखे" हे शब्द भीमा काठच्या आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या लोकांना अजून आठवत असतील.

एमएसआरडीसीने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग केला. रस्ता उत्तम झाला, त्यात दुमत नाही. नंतर २००४ साली टोलवसुलीचा हक्क पंधरा वर्षांसाठी ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन खासगी कंपनीला दिला गेला. ती मुदत संपल्यावर पुढच्या दहा वर्षांचा हक्क ८,२६२ कोटींना गेला. रस्त्याचा खर्च केव्हाच वसूल झाला, मग टोल कशाचा, हा प्रश्न विधिमंडळात पुन्हा पुन्हा येतो. सरकारचे उत्तर असे की एका रस्त्याच्या कमाईवर महामंडळाची बाकीची कामे आणि देणी चालतात. उत्तर खोटे नाही. पण मग ते आधीच सांगायला हवे होते, आणि सभागृहाची त्यावर संमती घ्यायला हवी होती. माझा आक्षेप एवढाच आहे.

अर्थसंकल्पाबाहेरचे कर्ज आता मोजतात ना?

हो. २०२२-२३ पासून केंद्राने असे धरायला सुरुवात केली की राज्याच्या महामंडळाने काढलेले कर्ज राज्याच्या अर्थसंकल्पातून फेडले जाणार असेल तर ते राज्याचेच कर्ज समजायचे आणि तेवढी राज्याची कर्जमर्यादा कमी करायची.

यावरून सर्वांत मोठे भांडण केरळने केले. तिथे किफबी नावाचे मंडळ रस्ते, पूल, शाळा, रुग्णालये यांसाठी पैसा उभारते. फेडीसाठी त्याला मोटार वाहन कराचा ठरावीक हिस्सा आणि पेट्रोलवरचा उपकर मिळतो. २०१९ साली किफबीने लंडनच्या बाजारात २,१५० कोटींचे रुपयातले रोखे विकले, व्याज ९.७२३ टक्के. हे कर्ज राज्याच्या खात्यात मोजण्यावरून केरळने डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दावा केला. १ एप्रिल २०२४ ला न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला आणि कलम २९३ चा अर्थ लावण्याचे काम पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवले. त्या निकालाचा परिणाम महाराष्ट्रातल्या महामंडळांवरही होणार हे उघड आहे.

विधान परिषद असे कर्ज अडवू शकते का?

नाही. फक्त कर्ज, कर किंवा सरकारी खर्चाबद्दलचे विधेयक धन विधेयक ठरते. धन विधेयक परिषदेकडे शिफारशींसाठी जाते आणि चौदा दिवसांत परत यावे लागते. शिफारशी मानायच्या की नाही ते विधानसभा ठरवते. परिषदेत चर्चा मात्र कधी कधी अधिक शांतपणे होते.

एखाद्या आमदाराला विरोध करायचा असेल तर तो नेमके काय करू शकतो?

मागण्यांवर कपात सूचना, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करा असा प्रस्ताव, देता येते. तारांकित प्रश्न विचारता येतो. लक्षवेधी मांडता येते, अर्धा तास चर्चा मागता येते. कपात सूचना मंजूर झाली तर सरकारवर नामुष्की येते, म्हणून सत्ताधारी बाकांवरून ती कधी मंजूर होऊ दिली जात नाही.

अडचण वेळेची आहे. चर्चेचे दिवस मोजके असतात. ते संपले की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. पुरवणी मागण्यांचे, म्हणजे वर्षाच्या मध्येच आणलेल्या जादा खर्चाच्या मागण्यांचे, तर विचारूच नका. जून २०२५ च्या अधिवेशनात एकाच वेळी ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर होऊन तीन-चार महिनेच झाले होते.

तपासणीची खरी जागा सभागृहाबाहेर, समित्यांत आहे. लोकलेखा समिती आणि सार्वजनिक उपक्रम समिती महालेखापरीक्षकांच्या (कॅगच्या) अहवालावरून अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारतात. तिथे कॅमेरे नसतात, त्यामुळे भाषणही नसते. आपल्या जिल्ह्यातला कोणता आमदार कोणत्या समितीवर आहे हे किती जणांना ठाऊक असते? लग्नाला किती वेळा आला हे मात्र तोंडपाठ असते.

शक्तिपीठ महामार्ग रोख्यांवर होणार आहे का?

पूर्णपणे एकाच मार्गाने एवढा पैसा उभा राहतच नाही. वर्ध्याजवळचे पवनार ते गोव्याच्या हद्दीवरचे पत्रादेवी असा सुमारे ८०२ किलोमीटरचा हा रस्ता मूळ आखणीत बारा जिल्ह्यांतून जातो, त्यात सोलापूर आहे. अंदाजित खर्च ८६ हजार कोटींच्या पुढे सांगितला गेला. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये भूसंपादन आणि नियोजनासाठी २०,७८७ कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली. काम एमएसआरडीसीचे, म्हणजे पैसा उभारण्याची तीच जुनी पद्धत: महामंडळाचे कर्ज, सरकारचा आधार, पुढे टोल.

आखणीवरून, बागायती जमिनीवरून शेतकऱ्यांचा विरोध आहे आणि सभागृहातही बहुतेक वेळ त्यावरच जातो. ते स्वाभाविक आहे, जमीन ज्याची जाते त्याला दुसरे काही दिसणार नाही. पण पैशाच्या बाजूचा एक प्रश्न मागे पडतो. टोलची वसुली अंदाजापेक्षा कमी आली तर फरक कोण भरणार? समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. त्यावरची वाहने आणि वसुली आता वर्षागणिक मोजता येईल. शक्तिपीठाच्या कर्जावर बोलताना तो ताळेबंद सभागृहाच्या टेबलावर असावा, अशी मागणी करायला हरकत नाही.

पुणे-सोलापूर चौपदरी रस्ता कोणत्या पैशातून झाला?

तो राष्ट्रीय महामार्ग, जुना नऊ नंबर, आताचा ६५. चौपदरीकरण टप्प्याटप्प्याने खासगी कंपन्यांकडून "बांधा, वापरा, हस्तांतरित करा" तत्त्वावर झाले. कंपनीने कर्ज काढले, रस्ता केला आणि टोलमधून फेडायचे ठरले. पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर हे नाके म्हणजे त्या कर्जाच्या फेडीच्या खिडक्या.

सोलापूरकडचा दुसरा टप्पा करणारी कंपनी आयएल अँड एफएस या पायाभूत कामांना पैसा पुरवणाऱ्या समूहातली होती. हा समूह २०१८ साली कोसळला. ऑगस्टपर्यंत त्याचे पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या ताकदीला मिळणारी श्रेणी) जवळजवळ सर्वोच्च होते आणि सप्टेंबरात ते थेट थकबाकीदाराच्या पातळीवर आले. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१८ ला संचालक मंडळ बदलले. देशभरातल्या भविष्यनिर्वाह निधींचे आणि म्युच्युअल फंडांचे पैसे त्यात अडकले. रस्ता जागच्या जागी राहिला, वाहने धावत राहिली. अडकले ते रोखे घेणारे. "ट्रिपल ए, म्हणजे सर्वोच्च मानांकन आहे, काळजी नको" असे कुणी म्हणाले की मला सावळेश्वरचा नाका आठवतो.

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणही रोखे काढते ना?

काढत होते, आणि भरपूर. मार्च २०२२ अखेर त्याचे कर्ज साडेतीन लाख कोटींच्या घरात पोचले. त्यानंतर केंद्राने ठरवले की प्राधिकरणाने बाजारातून नवे कर्ज घ्यायचे नाही, पैसा थेट अर्थसंकल्पातून द्यायचा. जमीन-घर विकल्यावर भांडवली नफ्यावरचा कर वाचवायला लोक प्राधिकरणाचे रोखे घेत, तेही २०२२-२३ पासून बंद झाले. संसदेत या कर्जावर वर्षानुवर्षे प्रश्न विचारले गेले होते. एवढी मोठी संस्था कर्जावर रस्ते बांधायचे थांबवते, यातून राज्याच्या महामंडळांनी काही घ्यावे असे मला वाटते.

सोलापूर महापालिका स्वतः रस्त्यांसाठी रोखे काढू शकते का?

कायद्याने हो. महानगरपालिका अधिनियम १९४९ प्रमाणे महापालिका राज्य सरकारच्या मंजुरीने कर्ज काढू शकते, रोखे विकूनसुद्धा. आधी सर्वसाधारण सभेत ठराव व्हायला हवा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१५ साली महापालिकांच्या रोख्यांसाठी नियम केले: हिशेब ठरल्या पद्धतीने ठेवलेले आणि तपासलेले हवेत, गेल्या वर्षभरात कुठलेही कर्ज थकवलेले नको, पतमानांकन हवे, पैसा स्वतंत्र खात्यात ठेवायचा आणि ज्या कामासाठी घेतला त्यावरच वापरायचा.

व्यवहारात प्रश्न उत्पन्नाचा आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आता जीएसटीपोटी सरकारकडून येणारे अनुदान आणि घरपट्टी हे दोन मोठे आधार. सोलापूर 'ड', म्हणजे शेवटच्या वर्गातली महापालिका. सावकार विचारणार: घरपट्टीची मागणी किती, वसुली किती, थकबाकी किती जुनी? गिरण्या बंद पडल्यावर या शहराची कर भरण्याची ताकद पुणे-पिंपरीसारखी वाढली नाही, हे त्याला न सांगताही कळते. महापालिकेच्या इंद्रभुवनात कितीही चांगला ठराव झाला तरी व्याजाचा दर वसुलीचे रजिस्टर पाहून ठरतो.

आणखी एक गोष्ट. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ शहरावर प्रशासक होता. प्रशासकाच्या काळात सर्वसाधारण सभेचे अधिकारही त्याच्याच हाती. तोच प्रस्ताव मांडणार, तोच मंजूर करणार. दहा वर्षे फेडावे लागणारे कर्ज अशा काळात कुणी काढू नये, कायद्यात बसत असले तरी.

किती ओझे पडेल, जरा हिशेब करून सांगा.

समजा २०० कोटींचे रोखे, दहा वर्षांची मुदत, आठ टक्के व्याज, मुद्दल शेवटी. व्याज दरवर्षी १६ कोटी, दहा वर्षांत १६० कोटी. मुद्दलासाठी परतफेड निधीत दरवर्षी बाजूला ठेवायचे सुमारे २० कोटी. त्या निधीवर व्याज मिळते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. म्हणजे पहिल्या वर्षापासून ३५ कोटींच्या आसपास रक्कम पगार, पेन्शन, पाणी, वीज यांच्याही आधी काढून ठेवायची. आधी, कारण घरपट्टीचा पैसा पहिल्यांदा एस्क्रो खात्यात जातो, रोख्यांचा वाटा तिथेच कापला जातो आणि उरलेला महापालिकेच्या हाती येतो.

केंद्राची योजना अशी की शंभर कोटींच्या रोख्यांमागे १३ कोटी प्रोत्साहन, जास्तीत जास्त २६ कोटी. म्हणजे आपल्या उदाहरणात दीड वर्षाचे व्याज सुटले. उरलेल्या साडेआठ वर्षांचे काय, हे प्रोत्साहनाच्या बातमीत कधी नसते.

इतर शहरांचा अनुभव काय?

अहमदाबादने १९९८ मध्ये राज्याच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले, भारतात असे पहिल्यांदाच झाले. पुण्याने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटी उभारले, व्याज ७.५९ टक्के. एकूण बेत २,२६४ कोटींचा होता. मुंबईच्या शेअर बाजारात मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत घंटा वाजली. पुढे निविदाच वादात सापडल्या, रद्द झाल्या, आणि काम सुरू नसताना व्याज चालू, अशी टीका पुण्याच्या सभागृहात बराच काळ झाली. पिंपरी-चिंचवडने २०२३ मध्ये नदीसुधारासाठी २०० कोटी उचलले, ८.१५ टक्क्यांनी.

रस्त्यांसाठीचे उदाहरण आपल्याच महामार्गाच्या पलीकडच्या अंगाला आहे. हैदराबाद महापालिकेने उड्डाणपूल आणि चौक सुधारण्याच्या कार्यक्रमासाठी तीन वेळा रोखे काढले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८.९० टक्क्यांनी, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ९.३८ टक्क्यांनी आणि २०१९ मध्ये १०.२३ टक्क्यांनी. पूल झाले, दिसतात, वापरात आहेत. पण दर वेळी व्याज चढत गेले. २०१८ मध्ये बाजारातले एकूण दर चढत होते हे एक कारण, आणि रस्ता स्वतः काही कमवत नाही हेही सावकाराच्या डोक्यात असतेच. पाण्याच्या योजनेला पाणीपट्टी असते. शहरातल्या रस्त्याला काय असते?

मग रोख्यांतून खड्डे बुजवावेत का?

मुळीच नाही. सगळ्या पानातले एकच उत्तर लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

साध्या डांबरी थराचे आयुष्य चांगले काम असेल तर पाच वर्षे धरा. आपल्याकडे खाली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा थर उचलते. त्यात पाण्याची लाइन, ड्रेनेज, केबल यांची खोदाई. नवा रस्ता झाला आणि महिन्याभरात उकरला, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. अशा कामासाठी दहा वर्षांचा रोखा काढला तर पाचव्या वर्षी रस्ता संपतो आणि हप्ते उरतात. सहाव्या वर्षी त्याच रस्त्यासाठी पुन्हा पैसा लागतो. देखभाल, पॅचवर्क, डांबराचा नवा थर हे दरवर्षीच्या उत्पन्नातूनच व्हायला हवे.

रोखे शोभतात ते पंचवीस-तीस वर्षे टिकणाऱ्या कामाला: पूल, भुयारी मार्ग, खालच्या सगळ्या लाइन आधी टाकून मग केलेला काँक्रीट रस्ता, बाह्यवळण. शहरातल्या ज्या उड्डाणपुलांची चर्चा इतकी वर्षे चालली आहे, तिथे भूसंपादनाची रक्कम हीच मोठी अडचण होती. जमीन झिजत नाही, तेव्हा तिच्यासाठी लांब मुदतीचे कर्ज काढणे हिशेबात बसते. मात्र ताबा मिळण्याआधी पैसा उचलायचा नाही, नाहीतर पुण्यासारखे बसून व्याज भरावे लागेल.

मक्तेदाराचा दोषदायित्व कालावधी (रस्ता बिघडला तर त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) आणि रोख्याची मुदत शेजारी ठेवून पाहा. एकीकडे तीन वर्षे आणि दुसरीकडे दहा, असे दिसले की मधल्या सात वर्षांचा धोका कुणाच्या अंगावर आहे ते कळते.

टोल लावून फेडता येणार नाही का?

शहरात टोल चालत नाही. कोल्हापूरने दाखवून दिले. खासगी कंपनीने शहरातले रस्ते केले, टोल लागला, लोक रस्त्यावर उतरले, आंदोलन वर्षानुवर्षे चालले आणि शेवटी टोल रद्द करून कंपनीचे पैसे सरकारने भागवले. राज्यभरातही तेच: १ जून २०१५ पासून १२ नाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर मोटारींना सूट मिळाली, ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना माफी मिळाली. घोषणेला टाळ्या पडतात. पण करार झालेला असतो, म्हणून सूट दिलेला टोल भरपाईच्या रूपाने सरकारी तिजोरीतून जातो. जो कधी त्या रस्त्याने गेला नाही असा मंगळवेढ्याचा ज्वारीवालाही मग तो भरतो. टोलमाफीची घोषणा सभागृहात होते तेव्हा भरपाईचा आकडा त्याच दिवशी विचारला पाहिजे.

ॲन्युइटीवरचे रस्ते वेगळे ना? त्यात सरकार कर्ज काढत नाही.

कागदावर नाही. राज्याच्या हायब्रीड ॲन्युइटी रस्त्यांत साठ टक्के पैसा सरकार कामाच्या काळात देते आणि चाळीस टक्के कंत्राटदार आणतो, तो त्याला पुढे वर्षानुवर्षे व्याजासह हप्त्यांनी मिळतो. कर्ज त्याच्या नावावर, हप्ते आपले.

केंद्राच्या नव्या योजना रोखे काढायलाच लावतात, असे ऐकले.

त्या दिशेने ढकलतात, हे खरे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक लाख कोटींचा अर्बन चॅलेंज फंड जाहीर झाला. चांगल्या प्रकल्पाचा २५ टक्क्यांपर्यंत खर्च केंद्र देणार, अट अशी की निदान ५० टक्के पैसा रोखे, बँक कर्ज किंवा खासगी भागीदारीतून आणावा. स्मार्ट सिटीत २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर आले तेव्हा पैसा अनुदानाचा होता. आता तसे नसेल. म्हणून हा विषय इथल्या सभागृहात आज ना उद्या येणारच.

मी स्वतः असे रोखे घेऊ शकतो का?

महापालिकांचे बहुतेक रोखे मोठ्या संस्थांनाच विकले जातात. अपवाद आहेत. इंदूरने २०२३ मध्ये सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे रोखे सर्वसामान्यांनाही खुले केले, व्याज ८.२५ टक्के. महामार्ग प्राधिकरणाच्या इन्व्हिटने (रस्त्यांच्या टोलवर चालणाऱ्या गुंतवणूक न्यासाने) ऑक्टोबर २०२२ मध्ये दहा हजार रुपयांपासून रोखे दिले, परतावा ८.०५ टक्के. राज्य सरकारचे रोखे रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून घेता येतात. मुदतीआधी विकायचे म्हटले तर गिऱ्हाईक पटकन मिळेलच असे नाही, हे धरून चाला.

अमेरिकेत रस्त्यांच्या रोख्यांवर लोक मतदान करतात म्हणे. आपल्याकडे का नाही?

तिथल्या अनेक राज्यांत तसे आहे. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २००६ मध्ये रस्ते आणि वाहतुकीसाठी सुमारे १९.९ अब्ज डॉलरच्या रोख्यांचा प्रस्ताव विधिमंडळाने मतदारांपुढे ठेवला आणि मतदारांनी तो मान्य केला. मतपत्रिकेसोबत घरी येणाऱ्या पुस्तिकेत व्याजासह एकूण फेड किती, याचा अंदाज छापलेला असतो. आपल्या घटनेत सार्वमताची तरतूद नाही, आमदार आणि नगरसेवक आपल्या वतीने ठरवतात. पण ती छापील पुस्तिका काढायला घटना आड येत नाही.

आमदाराला किंवा नगरसेवकाला आपण विचारायचे काय?

"रस्ता कधी होणार?" एवढे विचारले तर तारीख मिळेल. त्याऐवजी हे विचारून पाहा. कर्ज कुणाच्या नावावर आणि हमी कुणाची? फेड घरपट्टीतून, टोलमधून की सरकारी अनुदानातून, आणि ते कमी पडले तर? मुदत किती, आणि रस्त्याचे आयुष्य किती? जागेचा ताबा मिळाला का? खालच्या लाइन टाकून झाल्या का? पैसे उचलण्याची तारीख आणि कार्यादेशाची (काम सुरू करण्याच्या आदेशाची) तारीख यांत किती महिने? हमीची रक्कम अर्थसंकल्पाच्या कोणत्या विवरणपत्रात दिसेल?

ही माहिती तोंडी मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. महापालिकेकडे करताना अर्जात "रस्त्यांबाबतची सर्व माहिती" असे लिहू नका, उत्तर येणार नाही. ठरावाचा क्रमांक, वर्ष आणि कर्जाच्या परतफेडीचे वेळापत्रक एवढेच मागा.